जुन्या कॅम्पर व्हॅनवर आणखी खर्च करावा का? पुण्यात राहून ठरवायची रीत

जुनी कॅम्पर (आत झोपायची-राहायची सोय केलेली व्हॅन) ठेवायची की काढायची हे बहुतेक जण इंजिनावरून ठरवतात. गाडी एका सेल्फमध्ये सुरू झाली, धूर नाही, पिकअप बरा, मग घाला पैसे. इथेच चूक होते. पुण्यात इंजिन ही त्यातल्या त्यात सोपी बाब आहे. फोर्स ट्रॅव्हलर व्हॅनची कंपनी आकुर्डीची, सुटे भाग नाना पेठेपासून भोसरीपर्यंत मिळतात आणि रिंग-पिस्टन करणारे मिस्त्री प्रत्येक उपनगरात आहेत. सडलेला सांगाडा आणि अडकलेले कागद मात्र सहजी दुरुस्त होत नाहीत. म्हणून तपासणीचा क्रम उलटा ठेवा: आधी कागद, मग पत्रा, मग पाणी, मग यंत्र आणि शेवटी आतलं घर. एखाद्या टप्प्यावर गाडी नापास झाली तर पुढची तपासणी करायची गरज नाही, तेवढे पैसे वाचतील.

पहिला टप्पा: आरसी बुक

आरसीवर तीन गोष्टी बघा: नोंदणीची तारीख, वाहनाचा वर्ग आणि आसनसंख्या.

खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. त्यानंतर फॉर्म 25 भरून, गाडी पासिंगला दाखवून दर 5 वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. मुदत संपायच्या 60 दिवस आधीपासून अर्ज करता येतो. एप्रिल 2022 पासून मोटारीच्या नूतनीकरणाची फी 5,000 रुपये झाली आणि ऑगस्ट 2025 मध्ये 20 वर्षांवरच्या हलक्या मोटारींसाठी ती 10,000 करण्यात आली. शिवाय 15 वर्षांनंतर पर्यावरण कर आहे, आणि एप्रिल 2019 आधीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेटही लावायची आहे. गाडी 13-14 वर्षांची असेल तर हा सगळा खर्च आजच्या हिशेबात धरा, तो दारात उभा आहे.

वर्गाचा मुद्दा याहून अवघड आहे. पुण्यातल्या बऱ्याच कॅम्पर आधी टूरवर फिरलेल्या पिवळ्या पाटीच्या ट्रॅव्हलर असतात. आतल्या सीट काढून पलंग बसवला, पण आरसीवर अजून प्रवासी वाहन आणि 13 आसनं असतील, तर कायद्याच्या दृष्टीने ती कॅम्पर नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसीवरच्या तपशिलाशी विसंगत बदल परवानगीशिवाय करता येत नाहीत. केंद्राच्या वाहनवर्गांच्या यादीत खासगी वापराची कॅम्पर व्हॅन बिगर-परिवहन गटात येते, त्यामुळे मार्ग आहे, पण तो आरटीओतून जातो. परिवहन वर्गात राहिलेल्या गाडीला 8 वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस लागतं. त्याहून मोठा धोका विम्याचा. न कळवलेला बदल हे दावा नाकारायला सरळ कारण मिळतं. वर्ग बदलून मिळेल का, हे पुण्याच्या संगम पुलाजवळच्या कार्यालयात (नंबर एमएच 14 असेल तर पिंपरी-चिंचवडच्या) प्रत्यक्ष जाऊन विचारा. एजंटच्या तोंडी हमीवर लाखभराचं काम सुरू करू नका.

दुसरा टप्पा: पत्रा आणि चासी

या तपासणीला अर्धा दिवस द्या. सोबत 250 ग्रॅमची हातोडी, जाड चपटा स्क्रूड्रायव्हर, कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक, टॉर्च आणि खडू घ्या. गाडी रॅम्पवर किंवा पिटवर घ्या. जॅकवर उचललेल्या गाडीखाली, खाली घोडी (लोखंडी आधार) लावल्याशिवाय कुणीही शिरू नये.

चुंबक बॉडीवरून फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे पत्र्यावर लांबी (पुट्टी) भरलेली आहे. दाराखालचा पट्टा, चाकांच्या कमानी आणि मागच्या दाराचा खालचा कोपरा या नेहमीच्या जागा. नवा रंग मारलेली जुनी कॅम्पर असेल तर हे काम दुप्पट काळजीने करा. लांबीखाली पत्रा शिल्लक आहे का, एवढाच प्रश्न आहे.

मग खाली या. चासीच्या लांब आडण्या, पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर आणि शॅकल, म्हणजे पाटे चासीला जोडणाऱ्या जागा, पुढच्या सस्पेन्शनच्या बैठका, जॅक लावायच्या जागा यांवर हातोडीने हलकेच ठोका. चांगलं लोखंड टणकन वाजतं. सडलेलं भद्द वाजतं आणि त्यातून पापुद्रे गळतात. तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक जोर देऊन दाबा. आत रुतलं किंवा आरपार गेलं तर त्या जागेवर खडूने फुली मारा. नुसता तांबूस थर असेल, घासल्यावर खाली चमक दिसत असेल, तर तो वरवरचा गंज. वायर ब्रश, गंजरोधक, इपॉक्सी प्रायमर एवढ्यात ते भागतं.

फुल्या कुठे पडल्या यावर सगळं ठरतं. दाराचा पट्टा, चाकाची कमान, पायरी या जागी पत्रा कापून नवा लावता येतो. पाट्यांच्या हँगरजवळ किंवा मुख्य आडणीला पापुद्रे सुटले असतील तर तिथे पट्टी मारून चालणार नाही, कारण सगळं वजन आणि खड्ड्यांचे दणके तिथेच बसतात. वेल्डिंगला धरायला निरोगी धातूच नसेल तर नवी पट्टीही काही महिन्यांत सुटते. अशा दोन किंवा अधिक जागा सापडल्या तर या गाडीत आणखी पैसे घालू नयेत, हे आमचं स्पष्ट मत आहे.

टाटा विंगर किंवा मारुती ओम्नी असेल तर निकष आणखी कडक ठेवा. त्यांना वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार घेते. म्हणजे दाराखालचा पट्टा सडला की तो नुसता दिसायला वाईट राहत नाही, गाडीची ताकद जाते. कोकणात वारंवार जाणाऱ्या गाड्यांची खालची बाजू खाऱ्या हवेने आणि वाळूने लवकर खराब होते. दापोली-गुहागरहून आल्यावर खालून गोड्या पाण्याने धुतलेली आणि न धुतलेली गाडी पाच वर्षांत ओळखू येते.

डेंटरकडून अंदाज घेताना एक प्रश्न नेमका विचारा: "दादा, सडलेला पत्रा कापून नवा लावणार की वरून पॅच मारणार?" वरून पॅच मारला तर दोन पत्र्यांमध्ये ओल अडकते आणि तीच जागा पुन्हा खाते. बॉडीच्या पत्र्याला सीओटू वेल्डिंग हवं, आर्क वेल्डिंगने पातळ पत्रा जळून भोकं पडतात. जोडावर आधी प्रायमर, मग सीम सीलर, आणि पोकळ भागात आतून वॅक्स, एवढं अंदाजपत्रकात लिहून घ्या. वेल्डिंगच्या आधी बॅटरीचं कनेक्शन काढायला लावा, कॉमन रेल इंजिन असेल तर ईसीएमचा (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा) सॉकेटही.

तिसरा टप्पा: पाणी कुठे मुरतंय

कॅम्परचा खरा शत्रू पाऊस आहे. मालवाहू टेम्पोत पाणी आलं तर ते दिसतं आणि सुकतं. कॅम्परमध्ये ते प्लायच्या मागे, फोमच्या मागे जाऊन बसतं आणि दोन पावसाळ्यांत पत्रा आतून खातं. बाहेरून रंग तसाच चकचकीत असतो.

ओल शोधायची पहिली जागा म्हणजे सरकत्या दाराजवळची जमीन. तिथली मॅट किंवा विनाइल उचला आणि प्लायवर अंगठा दाबा. प्लाय दबला, वास कुबट आला, स्क्रूच्या डोक्याभोवती काळं वर्तुळ दिसलं, तर पाणी बरंच आधीपासून येतंय. ते काळं वर्तुळ म्हणजे ओल्या लाकडात गंजत असलेला स्क्रू. असा एक स्क्रू बाहेर काढून बघा. मधोमध बारीक झाला असेल तर त्याच्या खालचा पत्राही तसाच असणार. ओल मोजायचं छोटं मीटर मिळतं. लाकडात 15 टक्क्यांपर्यंत ठीक, 20 च्या वर गळती किंवा साचलेली वाफ नक्की आहे. छताचे कोपरे, प्रत्येक खिडकीच्या खाली, छतावरच्या पंख्याभोवती आणि चाकाच्या कमानीवर असे किमान वीस आकडे घ्या आणि गाडीच्या साध्या चित्रावर लिहा. आकड्यांचा उतार पाणी कुठून शिरतंय ते दाखवतो.

मग पाइपची चाचणी. एक माणूस आत टॉर्च घेऊन बसेल, दुसरा बाहेर साधा बागेचा पाइप धरेल. सुरुवात खालून करा: दाराखाली दहा मिनिटं, मग खिडकीची खालची कड, मग वरची, मग छताची पन्हाळ, शेवटी छतावरचा पंखा आणि सोलर पॅनेलचे बोल्ट. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि भोक कोणतं ते कळत नाही. प्रेशर वॉशर वापरू नका, तो चांगल्या सीलमधूनही पाणी आत ढकलतो. पाइप बंद केल्यावर तासभर थांबा, काही गळती उशिरा दिसते. मग गाडीचं तोंड उताराकडे करून पुन्हा एकदा. सपाट जागेवर कोरडी राहिलेली गाडी घाटात थांबल्यावर गळते, कारण छतावर साचलेलं पाणी पुढे सरकतं.

इथे एक घोटाळा टाळा. पाणी दरवेळी बाहेरूनच येतं असं नाही. बंद गाडीत दोन माणसं झोपली की त्यांच्या श्वासातून रात्रभरात अर्धा लिटरच्या आसपास वाफ सुटते, ती थंड पत्र्यावर जमते. पाइपच्या चाचणीत काहीच गळलं नाही, तरी पॅनेलमागे ओल आहे आणि ती सगळ्या भिंतींवर सारखी आहे, असं दिसलं तर दोष सीलचा नाही, हवा खेळण्याचा आहे. पत्र्याला घट्ट चिकटलेला नायट्राइल किंवा एक्सएलपीई फोम (पाणी न शोषणारे फोम) आणि चालू पंखा यावर तो सुटतो. मोकळी ग्लासवूल भरलेली असेल तर ती काढावीच लागेल, कारण एकदा भिजलेली ग्लासवूल भिंतीत वाळत नाही.

आधीच्या मालकाने सांध्यांवर साधा सिलिकॉन फासला असेल तर कामाचा वेळ वाढतो. सिलिकॉनच्या थरावर दुसरं काहीच धरत नाही, ते पात्याने पूर्ण खरवडूनच काढावं लागतं. नंतर फ्रेमखाली ब्युटाइल टेप आणि कडेला पॉलियुरेथेन सीलंट. छतावरची सगळी भोकं एकाच वेळी नव्याने सील करा. एक पंखा गळतोय म्हणून तेवढाच केला तर पुढच्या वर्षी दुसरा गळतो, सगळ्यांचं सीलंट एकाच वयाचं असतं.

गळती एक-दोन ठिकाणी आणि प्लाय फक्त तेवढ्याच भागात खराब, तर गाडी वाचवण्याजोगी आहे. छत, दोन्ही भिंती आणि जमीन सगळीकडे 20 च्या वर आकडे असतील तर आतलं घर पूर्ण उतरवावं लागेल. मग तो खर्च नव्या कॅम्परच्या आतल्या कामाइतकाच धरा, त्याला दुरुस्ती म्हणू नका.

चौथा टप्पा: इंजिन, ब्रेक, टायर

इंजिन थंड असताना सुरू करा, मालकाने आधी गरम करून ठेवलेलं नको. सुरुवातीचा पांढरा धूर मिनिटभरात गेला तर चालेल. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, ॲक्सिलरेटर दाबल्यावर दाट काळा म्हणजे नोझल, पंप, टर्बो किंवा हवेच्या रस्त्यात दोष. ऑइल भरायचं झाकण सुरू इंजिनावर सैल करा. ठोक्याठोक्याने जोरात वाफ येत असेल तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजायला लावा. सिलिंडरांमधला फरक 10-15 टक्क्यांपेक्षा जास्त नको.

मग पूर्ण लोड, म्हणजे पाण्याची टाकी भरून आणि नेहमीचं सामान ठेवून, उन्हाळ्यातल्या दुपारी कात्रजचा जुना घाट किंवा खंबाटकी चढवा. तापमानाचा काटा मध्यावर स्थिरावून राहिला तर कूलिंग ठीक. तो चढत गेला आणि उतारावर लगेच खाली आला तर आधी रेडिएटर आणि फॅन बघा. कूलंट कमी होतंय आणि पाइप थंड इंजिनावरही कडक आहेत, तर हेड गॅस्केटचा संशय घ्या.

उतरताना खालच्या गिअरमध्ये या, आणि पायथ्याशी थांबून हात चाकाजवळ न्या, टेकवू नका. एकच चाक इतरांपेक्षा फार तापलं असेल तर त्याचा व्हील सिलिंडर किंवा कॅलिपर अडकला आहे. ब्रेक पेडल अर्धा मिनिट दाबून धरा. हळूहळू खाली गेलं आणि बाहेर कुठे ऑइल गळत नसेल तर मास्टर सिलिंडर गेला. ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदललेलं नसेल तर बदला. ते हवेतली ओल शोषतं आणि घाटात तापून उकळतं.

टायरची नक्षी बघून फसू नका. कॅम्पर कमी फिरते आणि जास्त उभी राहते, त्यामुळे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. बाजूवर चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. सहा-सात वर्षांवरचे टायर भेगा नसल्या तरी बदलायच्या यादीत घाला, स्टेपनीसकट.

वजन हा मुद्दा जवळपास सगळे विसरतात. भरलेली गाडी वजनकाट्यावर न्या. आधी फक्त पुढची चाकं, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. पूर्ण आकडा आरसीवरच्या एकूण वजनाच्या मर्यादेत हवा आणि थोडी सूटही उरायला हवी. 80 लिटरची टाकी म्हणजे 80 किलो, 19 मिमी प्लायचं फर्निचर तर त्याहून कितीतरी जड. गाडी आधीच मर्यादेवर असेल तर पाटे वाढवून प्रश्न सुटत नाही. कायदेशीर मर्यादा तीच राहते आणि ब्रेकही तेच राहतात. फर्निचर हलकं करणं हाच उपाय.

पाचवा टप्पा: वीज आणि गॅस

हा भाग थोडक्यात, कारण यामुळे गाडी नापास होत नाही. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण चार्ज करून रात्रभर सोडा. सकाळी 12.7 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी, 12 च्या खाली म्हणजे बदलायची. वायरिंगमध्ये घरगुती एकतारी वायर वापरली असेल तर ती पूर्ण काढा, हादऱ्यांनी ती आतून तुटते. मुख्य फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा, नाहीतर मधल्या वायरला कुठलंच संरक्षण नाही. गॅसच्या नळीवरची तारीख बघा, पाच वर्षं झाली की बदला. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्यात तळाशी बाहेर उघडणारं भोक हवंच. ते बुजवलेलं दिसलं तर त्याच दिवशी मोकळं करा.

हिशेब

आता सगळ्या कामांच्या तीन याद्या करा. पहिलीत ज्यांच्याशिवाय गाडी रस्त्यावर येऊ नये ती कामं: चासी, ब्रेक, टायर, गॅस, कागद. दुसरीत पुढे नुकसान वाढवणारी: गळती, गंज, कूलिंग. तिसरीत सोयीची: फ्रिज, नवी गादी, लाइट. पहिल्या दोन याद्यांचे लेखी अंदाज दोन वेगवेगळ्या गॅरेजमधून घ्या आणि बेरजेवर 25 टक्के चढवा. पॅनेल उघडल्यावर बाहेरून दिसला त्यापेक्षा जास्त गंज निघतो, कमी सहसा निघत नाही.

रीत दाखवण्यासाठी काही काल्पनिक आकडे घेऊ. समजा गाडी आहे तशी विकली तर 3,50,000 येतील. कामं अशी: पत्रा आणि सीलिंग 1,20,000, यंत्र आणि ब्रेक 90,000, टायर 40,000, कागद आणि विमा 30,000, आतलं काम 60,000. बेरीज 3,40,000, वर 25 टक्के धरून 4,25,000. पाच वर्षांनी गाडी 1,50,000 ला जाईल असं धरा. दरवर्षीची देखभाल 40,000, म्हणजे पाच वर्षांत 2,00,000. आज विकून मिळाले असते ते साडेतीन लाखही खर्चातच मोजायचे, कारण ते गाडीत अडकलेत. शेवटी विकून येणारे दीड लाख वजा केले की एकूण 8,25,000.

हे भागायचे मुक्कामाच्या रात्रींनी. वर्षाला 20 रात्री असतील तर पाच वर्षांत 100, म्हणजे डिझेल सोडून एका रात्रीला 8,250 रुपये. वर्षाला 45 रात्री असतील तर 3,700 च्या आत. गाडी तीच, खर्चही तोच, पण पहिल्या कुटुंबाने ती विकावी आणि दुसऱ्याने ठेवावी. रात्री मोजताना मागच्या दोन वर्षांतल्या प्रत्यक्ष रात्री घ्या. निवृत्तीनंतर फिरू, मुलं मोठी झाली की जाऊ, या रात्री हिशेबात धरू नयेत.

ठेवायचं ठरलं तर

पत्र्याचं काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीत करा, हवा कोरडी असते आणि प्रायमर नीट बसतो. छताचं सीलिंग मेच्या अखेरपर्यंत पूर्ण हवं. आतल्या फर्निचरला पहिला पावसाळा उलटेपर्यंत हात लावू नका. रिकाम्या गाडीत साधी गादी टाकून जुलैत ताम्हिणीकडे दोन मुक्काम करा आणि परतल्यावर ओलीचे तेच वीस आकडे पुन्हा घ्या. ते 15 च्या आत राहिले तर मग टिंबर मार्केटमधून मरीन प्लाय आणा.

काढायचं ठरलं तर

विकताना ओलीचे आकडे आणि फुल्यांचं चित्र घेणाऱ्याला दाखवा. सडलेल्या चासीची गाडी लांबी भरून दुसऱ्या कुटुंबाच्या गळ्यात मारणं हे जिवाशी खेळणं आहे. फॉर्म 29 आणि 30 भरून नाव बदलेपर्यंत गाडीची जबाबदारी तुमचीच राहते.

चासीच गेली असेल तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातच द्या. साध्या भंगारवाल्याकडे दिली तर आरसी तुमच्या नावावर जिवंत राहते. देण्याआधी सोलर पॅनेल, चार्ज कंट्रोलर, फ्रिज, पंप, छतावरचा पंखा आणि गादी काढून घ्या, कॅम्परमधली बरीच किंमत यातच असते. चासी नंबरच्या पट्टीला हात लावू नका. स्क्रॅप केंद्राकडून मिळणारं ठेव प्रमाणपत्र (गाडी जमा केल्याचा दाखला) नव्या गाडीच्या करात सवलतीसाठी उपयोगी पडतं. आरसी रद्द झाल्याची नोंद वाहन पोर्टलवर स्वतः बघा आणि ती दिसेपर्यंत थर्ड पार्टी विमा बंद करू नका.